विज्ञान लोकांपर्यंत न्यायचंय? आधी वही घ्या, माइक नंतर

विज्ञानाबद्दल लोकांशी बोलायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारणारे बरेच जण भेटतात, कोणी इंजिनिअरिंग करतंय, कोणी शिकवतंय, कोणी नर्स आहे, कोणी नुकतंच रिटायर झालंय, आणि जवळपास सगळ्यांचा प्लॅन एकच असतो, विषय ठरवायचा, स्लाइड बनवायच्या, हॉल बघायचा आणि बोलायचं. मी पण पहिल्यांदा हेच केलेलं. एका वस्तीत मोबाइल टॉवरवरून वाद चाललेला, तर मी जाऊन पाऊण तास रेडिएशन समजावलं, आयोनायझिंग आणि नॉन-आयोनायझिंग, अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते, सगळं. चार्ट चांगले होते, चूक एकही नव्हती. शेवटी एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, बाई, तू म्हणतेस ते खरं असेल, पण आमच्या डोक्यावर हे लावताना आम्हाला कोणी विचारलं का, आणि रात्रभर तो जनरेटर धडधडतो त्याचं काय.

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. लोकांचा प्रश्न फिजिक्सचा नव्हताच. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमधली पहिली सगळ्यात महत्त्वाची आहे, बाकीच्या कमीजास्त झाल्या तरी चालतील.

पायरी १: बोलायच्या आधी दहा जणांना विचारा

ओळखीचे-अनोळखी मिळून दहा जण पुरतात. तीनच प्रश्न विचारायचे: याबद्दल तुम्ही काय ऐकलंय? कोणाकडून ऐकलं? आणि यात तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटते? मग गप्प बसायचं आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायचं. त्यांनी काही चुकीचं सांगितलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त करायचं नाही, हे फार अवघड जातं पण करायचं नाही, कारण एकदा दुरुस्त केलंत की पुढचा माणूस तुम्हाला आवडेल तेच उत्तर देणार.

विचारल्याशिवाय काय डोक्यात बसलंय ते कळतच नाही. १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला २३ जणांना, त्यात विद्यार्थी होते, प्राध्यापक होते, माजी विद्यार्थी होते, कॅमेऱ्यासमोर उन्हाळा-हिवाळा का होतो यासारखे साधे प्रश्न विचारले गेले. २१ जण चुकले. ऋतूंबद्दल बहुतेकांचं उत्तर असं की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला आणि सगळ्यात लांब जुलैमध्ये, ऋतू होतात ते तिचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. आता हे लोक न शिकलेले होते का? नाही. त्यांच्या डोक्यात एक उत्तर आधीच बसलेलं होतं, विस्तवाजवळ गेलं की गरम लागतं हा लहानपणापासूनचा अनुभव, आणि शाळेतलं उत्तर त्याच्यावर नुसतं ठेवलं गेलं, चिकटलं नाही. म्हणून आधीचं उत्तर माहीत असलं तर तुम्ही पहिलंच वाक्य त्याला धरून बोलू शकता: जवळ गेल्यामुळे उन्हाळा होत असता तर सगळ्या पृथ्वीवर एकदमच उन्हाळा आला असता ना? मग उत्तर गोलार्धात थंडी असताना दक्षिणेत उन्हाळा कसा? एवढं विचारून थांबा, पुढचं लोक स्वतःच काढतात.

विज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या या क्षेत्रानंही हे ठेच लागूनच शिकलंय. १९८५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं वॉल्टर बॉडमर यांच्या समितीचा अहवाल काढला, विज्ञानाची लोकांना असलेली समज या विषयावर, आणि तिथून बरीच चळवळ सुरू झाली. तेव्हाची समजूत साधारण अशी की लोकांना माहिती कमी आहे म्हणून ते घाबरतात, माहिती ओता की झालं. याला पुढे डेफिसिट मॉडेल म्हणायला लागले, म्हणजे समोरचा रिकामा घडा आणि आपण पाणी ओतणारे. मग मॅड काऊ, म्हणजे गुरांच्या मेंदूच्या जीवघेण्या आजाराचं प्रकरण झालं, ब्रिटिश सरकार अनेक वर्षं गोमांस सुरक्षित आहे असं सांगत राहिलं आणि मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला संसदेत सांगावं लागलं की माणसांना होणाऱ्या मेंदूच्या एका नव्या आजाराशी गुरांच्या या आजाराचा संबंध असण्याची शक्यता जास्त आहे. विश्वास तिथे तुटला. २००० साली तिथल्याच हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, समितीनं स्पष्ट लिहिलं की आता नुसतं सांगणं पुरे, संवाद पाहिजे.

पायरी २: प्रश्न छोटा घ्या

हवामान बदल, एआय, अणुऊर्जा असे विषय पहिल्या वेळी घेऊ नका, दीड तासात काहीच हाताला लागत नाही. त्यातला एक तुकडा घ्या. १८६० च्या नाताळात मायकेल फॅरेडे या ब्रिटिश शास्त्रज्ञानं मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली ती नुसत्या मेणबत्तीवर, आणि त्यातून ज्वलन, हवा, पाणी, श्वास सगळं आलं.

पायरी ३: तिथल्या माणसांना काय माहीत आहे ते मनावर घ्या

हे आदर बिदर दाखवण्यासाठी नाही सांगत आहे, तुमचं विज्ञानच चुकू नये म्हणून सांगतेय. यासाठी इंग्लंडमधल्या कम्ब्रियाच्या मेंढपाळांची गोष्ट मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते.

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, रेडिओॲक्टिव्ह ढग वाऱ्यानं पश्चिम युरोपपर्यंत गेला आणि मेच्या सुरुवातीला कम्ब्रियाच्या डोंगरांवर जोरदार पावसाबरोबर खाली आला. गवतात सीझियम, म्हणजे त्या ढगातलं एक रेडिओॲक्टिव्ह मूलद्रव्य, आणि ते गवत मेंढ्यांच्या पोटात. जूनमध्ये सरकारनं मेंढ्या हलवायला आणि कापायला बंदी घातली आणि सांगितलं तीनच आठवडे लागतील. शास्त्रज्ञांचा हिशोब असा की सीझियम मातीत घट्ट बसेल आणि परत गवतात येणार नाही. हा हिशोब चिकणमातीसाठी बरोबर होता. पण डोंगरावरची माती पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, आम्लधर्मी, तिच्यात सीझियम बसतच नाही, मोकळंच राहतं, मुळं ते शोषतात, मेंढ्या खातात, लेंडीतून परत जमिनीत, परत गवतात. तीन आठवड्यांची बंदी बेमुदत झाली आणि शेवटच्या काही शेतांवरची उठायला २०१२ साल उजाडलं. २६ वर्षं!

मधल्या काळात अधिकारी मेंढपाळांना सांगत होते की कोकरं डोंगरावरून खाली दरीत आणा, तिथलं गवत स्वच्छ आहे. मेंढपाळ म्हणत होते की दरीतलं गवत मुळातच थोडं असतं, ते आत्ता खाऊन टाकलं तर हिवाळ्यात काय चारायचं. पुढे बेन्टोनाइट नावाची माती पसरून सीझियम धरून ठेवता येतं का याचा प्रयोग झाला, त्यासाठी मेंढ्या कुंपण घालून छोट्या तुकड्यांत कोंडल्या. मेंढपाळांनी आधीच सांगितलेलं, या मेंढ्या मोकळ्या डोंगरावर फिरणाऱ्या आहेत, कोंडलं की खंगतात, तुमचे आकडे चुकतील. ऐकलं नाही. मेंढ्या खंगल्या आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. ब्रायन विन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं या लोकांशी बोलून हे सगळं नीट लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं, आणि त्यात एक गोष्ट अशी की मेंढपाळांना किरणोत्सर्गाचं ज्ञान नव्हतं हे खरंच, पण मेंढी, गवत आणि डोंगर यांचं ज्ञान तिथे फक्त त्यांच्याकडेच होतं, आणि ते ज्ञान हिशोबात धरलं असतं तर तो प्रयोग तसा आखलाच गेला नसता.

तर प्रॅक्टिकल भाग: तुमच्या विषयाशी ज्यांचा रोजचा हात लागतो अशा एका तरी माणसाला भेटा. पाण्यावर बोलणार असाल तर पाणी सोडणाऱ्याला, औषधांवर बोलणार असाल तर औषधं घरोघरी पोचवणाऱ्याला. तुमच्या स्लाइड त्यांना दाखवा आणि विचारा, यात काय चुकतंय? पहिल्यांदा ते काही नाही, छान आहे म्हणतील. परत विचारा.

पायरी ४: एक गोष्ट हातानं करून दाखवा, आणि लोकांकडूनच करून घ्या

उपकरणं लागत नाहीत. माझा आवडता प्रयोग सूर्य मोजण्याचा आहे, याला एक पुठ्ठा, टाचणी, पांढरा कागद आणि मोजपट्टी लागते. पुठ्ठ्याला टाचणीनं मिलिमीटरभर भोक पाडा, उन्हात धरा, आणि त्याची सावली जिथे पडते तिथे बरोबर २ मीटरवर कागद सूर्याकडे तोंड करून धरायला कोणाला तरी सांगा. सावलीच्या मधोमध एक फिकट गोल दिसेल. तो भोकाचा आकार नाहीये, ते सूर्याचं चित्र आहे. पटवायचं असेल तर दुसऱ्या पुठ्ठ्याला चौकोनी किंवा त्रिकोणी बारीक भोक पाडा, गोल गोलच येतो. लोक इथे पुठ्ठा हातातून काढून घेतात, स्वतः बघतात, तिरका करून बघतात, करू द्या त्यांना. झाडाखाली ऊन पडतं तेव्हा जमिनीवर जे गोल कवडसे दिसतात तेही सूर्याचीच चित्रं, पानांमधल्या फटी कुठे गोल असतात? आणि खंडग्रास ग्रहण असलं की हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

आता गोल मोजा. साधारण १८-१९ मिलिमीटर भरतो. म्हणजे अंतर हे गोलाच्या सुमारे १०८ पट. सूर्यालाही हाच हिशोब लागू, कारण त्रिकोण सारखेच आहेत, सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटरवर आहे तर भागा १०८ नं, जवळजवळ १४ लाख किलोमीटर व्यास आला. पुस्तकातला आकडा १३ लाख ९० हजारच्या आसपास आहे. टाचणीच्या भोकातून! मला आजही हे बघताना अंगावर काटा येतो.

एक ताकीद मात्र सुरुवातीलाच मोठ्यानं द्यायची, भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, पाठ सूर्याकडे आणि डोळे कागदाकडे, लहान मुलं असतील तर दोनदा सांगा.

आणि कोणीतरी हमखास विचारतं, की ते १५ कोटी कुठून आले, ते तर तुम्ही सांगितले, मोजले कुठे? या प्रश्नाची मी वाट बघत असते. हा प्रश्न आला म्हणजे समोरचा माणूस माहिती घेत नाहीये, ती कशी कळली ते विचारतोय, आणि आपल्याला हेच तर पाहिजे. मग सांगा की १७६१ आणि १७६९ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकला तेव्हा पृथ्वीच्या वेगवेगळ्या टोकांवरून वेळ मोजून हे अंतर काढायचा प्रयत्न झाला, आणि १९६१ मध्ये शुक्रावर रडारचे सिग्नल सोडून, ते परत यायला किती वेळ लागतो त्यावरून ते बरंच अचूक मिळालं. कोणी नाही विचारलं तर तुम्हीच विचारा.

पायरी ५: टक्के सोडा, माणसं मोजा

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षेच्या समितीनं इशारा दिला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठी होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्के वाढ. बातमी झाली, बायका घाबरल्या, कित्येकींनी गोळ्या तडकाफडकी बंद केल्या. प्रत्यक्षात आकडा काय होता? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७००० बायकांमध्ये साधारण एकीला हा त्रास, नव्या घेणाऱ्या ७००० मध्ये दोघींना. एकीच्या दोघी झाल्या म्हणून दुप्पट. आणि गोळ्या सोडल्यामुळे नको असलेली गर्भारपणं वाढली, पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले, शिवाय गर्भारपणात गाठींचा धोका गोळीपेक्षा जास्तच असतो. बातमीतला आकडा खोटा नव्हता, तरी एवढं नुकसान झालं.

म्हणून नियम करून टाका, दुप्पट, तिप्पट, ४० टक्क्यांनी कमी असलं काहीही दिसलं की लगेच विचारायचं, कितीचं दुप्पट? आणि लोकांना सांगताना किती जणांमागे किती हेच सांगायचं, खालची संख्या दोन्हीकडे सारखी ठेवून.

याच्याच जवळची गल्लत म्हणजे घातक आहे आणि धोका आहे यातला फरक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्या गटात टाकलं, लगेच दोन्ही सारखेच वाईट अशा हेडलाइन आल्या. तो गट फक्त एवढंच सांगतो की कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का आहे, किती प्रमाणात होतो हे सांगतच नाही. वाघ पिंजऱ्यात असला तरी घातकच, धोका पिंजरा उघडा आहे का त्यावर. हे वाघाचं उदाहरण घेऊन टाका, नेहमी चालतं.

पायरी ६: शब्द तपासा

मराठीत ही अडचण जरा जास्तच आहे. शास्त्र म्हणजे विज्ञान पण आणि शास्त्रात सांगितलंय म्हणतो ते पण, एकाला पुरावा लागतो, दुसऱ्याला वचन पुरतं, आणि ऐकणारा दोन्ही एकाच शब्दात ऐकतो. म्हणून मी बोलताना विज्ञानच म्हणते. प्रयोग म्हटलं की निम्म्या लोकांना नाटक आठवतं, म्हणजे आधी बसवलेलं, शेवट ठरलेला, तर विज्ञानातल्या प्रयोगाचा शेवट माहीत नसतो म्हणून तो करायचा हे एकदा सांगावं लागतं. थिअरी म्हणजे लोकांना नुसती कल्पना वाटते, मेडिकल रिपोर्टमधलं पॉझिटिव्ह म्हणजे आधी चांगलीच बातमी वाटते, आणि मोजमापातली एरर म्हटलं की कोणीतरी चूक केली असं वाटतं, तिथे सरळ म्हणा की एवढ्या मिलिमीटरनं इकडे-तिकडे असू शकतं. केमिकल हा शब्द तर फक्त विषासाठीच वापरतात, पाणी पण केमिकल आहे म्हणून टोमणा मारू नका, माणूस तिथेच तुटतो. कशाची भीती आहे ते विचारा.

इंग्रजी शब्द वापरले तरी चालतं, व्हायरस, बॅटरी, डीएनए हे आता आपलेच झालेत. ओढूनताणून बनवलेल्या संस्कृत शब्दांनी लोक जास्त लांब जातात असा माझा अनुभव आहे.

पायरी ७: किती खात्री आहे ते पण सांगा

बोलताना मी तीन रंग वापरते, फळ्यावरसुद्धा. हिरवा म्हणजे पक्कं, पिवळा म्हणजे बहुतेक असंच पण अजून काम चालू आहे, लाल म्हणजे माहीत नाही. नवीन लोकांना लाल लिहायची भीती वाटते, आपला पोकळपणा दिसेल असं वाटतं. उलट खोटी खात्री महागात पडते. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं ट्वीट केलं की कोविड हवेतून पसरत नाही, आणि वर ठळक अक्षरांत फॅक्ट असं लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांनाच हवेतून पसरतो हे मान्य करावं लागलं. त्या वेळी आत्ता तरी असं दिसतंय, पण खिडक्या उघड्या ठेवा, एवढंच म्हटलं असतं तर नंतर शब्द फिरवायची वेळ आली नसती.

मग लोक म्हणतात, हे तर रोज बदलतात, यांचं काय ऐकायचं. इथे चिडू नका, बदल कशामुळे झाला ते सांगा. पोटातले अल्सर टेन्शनमुळे आणि ॲसिडमुळे होतात असं डॉक्टर अनेक वर्षं मानायचे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे ऑस्ट्रेलियातले दोन डॉक्टर म्हणत होते की बहुतेक वेळा एक बॅक्टेरिया कारण आहे, कोणी मानेना, शेवटी १९८४ मध्ये मार्शलनं तो बॅक्टेरिया स्वतः पिऊन टाकला, काही दिवसांत पोटाला सूज आली. पण त्यानं पिऊन दाखवलं म्हणून जगानं मानलं नाही हं, हे जरूर सांगा, नाहीतर कोणीही भोंदू येऊन मी पण एकटाच आहे, माझं पण कोणी ऐकत नाही म्हणेल. मानलं गेलं ते नंतरच्या ट्रायलमध्ये अँटिबायोटिक दिलेल्या पेशंटचे अल्सर परत येईनात तेव्हा. नोबेल मिळालं २००५ मध्ये.

पायरी ८: अफवा कशी हाताळायची

खरं आहे ते आधी सांगा, अफवा एकदाच आणि थोडक्यात सांगा, ती का फसवते ते सांगा, आणि परत खरं सांगून थांबा. हेडिंगमध्ये अफवा लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकू नका, लोकांना फक्त हेडिंग लक्षात राहतं.

का फसवते हा भाग गाळू नका. एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा घ्या. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक पेपर आला, त्यात १२ मुलं होती, फक्त १२, आणि तुलनेला लस न घेतलेली मुलं नव्हती. २०१० मध्ये पेपर मागे घेतला गेला. पण आईबापांना तो खरा का वाटला? कारण ही लस देतात साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमाराला आणि ऑटिझमची लक्षणं लक्षात येतात तीही त्याच वयात, दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की कोणालाही संबंध वाटणारच. पुढे लाखो मुलांची माहिती घेऊन लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं तुलना केली तेव्हा ऑटिझमच्या प्रमाणात फरक निघाला नाही. आधी हे मान्य करा की तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे, मग तुलना दाखवा. आणि हे सगळ्यांसमोर नको, घरातल्या माणसाला तर अजिबात चारचौघांत नको, बाजूला बसून.

पायरी ९: परत जा

टाळ्या किती पडल्या त्यावरून काही कळत नाही. सुरुवातीला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव न टाकता, शेवटी तोच प्रश्न परत, आणि दोन-तीन आठवड्यांनी जमलं तर तिसऱ्यांदा. तिसरी चिठ्ठी खरी. आणि ज्या प्रश्नांना उत्तर देता आलं नाही ते वहीत लिहून, विचारणाऱ्याला किती दिवसांत सांगते ते कबूल करून, तेवढ्या दिवसांत जायचं.

त्या टॉवरच्या वस्तीत मी दहा दिवसांनी परत गेले. या वेळी स्लाइड नव्हत्या, आवाज मोजायचं एक साधं मीटर नेलेलं आणि ते आजींच्याच हातात दिलं. त्यांनी जनरेटर चालू असताना आणि बंद असताना खिडकीपाशी आकडे घेतले, शेजारच्या मुलानं तारीख-वेळ घालून तक्ता केला, आठ रात्री. तक्रारीच्या अर्जाला तोच तक्ता जोडला. सह्या गोळा होत असताना एकानं मला विचारलं, ताई, त्या दिवशी तुम्ही ते चौथाईचं काय म्हणत होतात, ते परत सांगता का?